सह्यगिरीच्या कोपऱ्यातलं खत

खत करणं अगदी सोपं असतं, असं मला एकूण एकोणीस जणांनी सांगितलं. त्यांतल्या एकानेही आयुष्यात खत केलेलं नव्हतं. मी केलं, आणि चांगलं केलं. त्यामुळे दिल्लीच्या मयूर विहारातल्या सह्यगिरी सहकारी गृहनिर्माण संस्थेत या विषयावर बोलण्याचा अधिकार एकट्या मला आहे. फक्त बोलण्याची इच्छा आता उरलेली नाही. तरी लिहून ठेवतो. छत्तीस वर्षं सरकारात काढलेल्या माणसाला एखादी गोष्ट कागदावर आल्याशिवाय ती घडली असं वाटत नाही.

आमची संस्था केंद्र सरकारातल्या मराठी नोकरांची. चौसष्ट घरं. ज्यांनी तिचं नाव सह्यगिरी ठेवलं त्यांना घरच्या डोंगरांची आठवण येत असणार. आता गच्चीवर उभं राहिलं तर एकच डोंगर दिसतो, तो गाझीपूरचा, आणि तो कचऱ्याचा आहे. पावसाळ्यात त्याच्यावरही थोडी हिरवळ येते. पाहुणे आले की आम्ही त्यांना गच्चीवर नेत नाही.

बी ब्लॉकच्या मागे एक कोपरा आहे. तिथे एक शिरीष, मधुमालतीचा वेल, थोडं गवत आणि सिमेंटचा एक बाक. आमच्या तळमजल्याच्या दारापासून बाकापर्यंत बासष्ट पावलं. हा आकडा माझा नाही, अलकाचा आहे. अलका म्हणजे माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय निम्म्याने परत आले, बोलणं त्याहूनही कमी. शब्द आत सगळे आहेत म्हणे, पण बाहेर येताना रांग मोडतात. चहा मागायचा असला तर तोंडातून 'गुरुवार' येतं, आणि मग ती स्वतःवरच चिडते. शाळेत गणित शिकवायची म्हणून की काय, आकडे मात्र शाबूत राहिले. रोज काठी टेकत एक ते बासष्ट मोजत जाते, तासभर बाकावर बसते आणि बासष्ट मोजत परत येते. दिवसभरात कुणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या मर्जीने ती करते अशी तेवढी एकच गोष्ट राहिली आहे.

त्या कोपऱ्यावर फरशी घालून अकरा गाड्यांचं पार्किंग करावं, असा प्रस्ताव आमचे सेक्रेटरी राजाभाऊ चौबळ यांनी जुलैच्या सर्वसाधारण सभेत मांडला. राजाभाऊ वाईट माणूस नाही. त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत, एवढंच. शिवाय माझा स्वतःचा मुलगा जयंत मानेसरला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. दर रविवारी आईला भेटायला येतो आणि जागा मिळेपर्यंत अर्धा तास गेटबाहेर घिरट्या घालतो. तेव्हा नैतिकदृष्ट्या माझी बाजू पहिल्यापासूनच लंगडी होती.

"टेंबेसाहेब, तिथे बसतं कोण, सांगा ना," राजाभाऊ म्हणाले. "एक अलकावहिनी सोडल्या तर कोणी नाही. त्यांचा बाक आपण गेटजवळ हलवू. बिल्कुल प्रॉब्लेम नाही."

गेट आमच्या दारापासून एकशे चाळीस पावलांवर आहे. तिथे जनरेटर आहे, कुत्री आहेत आणि दिवसभर हॉर्न वाजत असतात. पण सभेत 'माझ्या बायकोसाठी जागा सोडा' असं मी म्हणणार नव्हतो. मी सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. अवर सचिव व्हायचं थोडक्यात राहिलं. असा माणूस दयेचा अर्ज करत नाही, नियम दाखवतो. त्याच आठवड्यात निगमचं, म्हणजे इथल्या महापालिकेचं, पत्र आलेलं होतं की सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "आदेशानुसार खतासाठी जागा राखणं बंधनकारक आहे. अशी जागा एकच आहे, बी ब्लॉकमागची."

अध्यक्ष अण्णासाहेब देवस्थळी शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि सभा साधारणपणे मिटल्या डोळ्यांनी चालवतात. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "कोण करणार?" आणि एकशे अठ्ठावीसच्या आसपास डोळे माझ्याकडे वळले. ठरलं असं: एकतीस डिसेंबरपर्यंत संस्थेच्या ओल्या कचऱ्याचं खत झालं तर कोपरा कोपराच राहील, न झालं तर फरशी. त्यासाठी एकसदस्यीय उपसमिती नेमण्यात आली. सदस्य मी.

घरी येऊन अलकाला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वास." हा शब्द तिला पहिल्याच प्रयत्नात सापडला.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कोणी ताक घाला म्हणालं, कोणी गूळ, कोणी आंबट दही. हिशेब तपासणी खात्यातून निवृत्त झालेल्या एकाने कचरा वजन करून घेता का एवढंच विचारलं आणि उत्तर न ऐकता मान हलवली. वरच्या मजल्यावर लतिकाबाई साळवे राहतात. मूळच्या नगरच्या, सरकारी इस्पितळात मेट्रन होत्या. त्या बाल्कनीतून खालच्या जगावर वॉर्डासारखी नजर ठेवतात. त्या म्हणाल्या, "टेंबेभाऊ, जखम काय आणि कचरा काय, कोरडं ठेवलं तरच बरं होतं." हा एकच सल्ला खरा होता, हे मला पुढे दोन महिन्यांनी कळलं.

शेण पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं. मी गाझीपूरच्या डेअरीतून एक पोतं आणायला गेलो. ऑटोवाल्यांनी पोतं पाहून नकार दिला. शेवटी एक ई-रिक्षावाला तयार झाला, पण पोतं मी मांडीवर घ्यायचं या अटीवर. सिग्नलला शेजारी एक पांढरी सरकारी गाडी थांबली. काच खाली झाली. आत माझ्या हाताखाली फायलीवरचं नोटिंग शिकलेला एक मुलगा बसला होता, आता संचालक झालेला. "सर, आप?" तो म्हणाला. मी म्हटलं, "हाँ, थोड़ा प्रोजेक्ट चल रहा है।" त्याने मांडीवरच्या प्रोजेक्टकडे पाहिलं आणि काच वर केली. सिग्नल अजून पंचाऐंशी सेकंदांचा बाकी होता आणि आम्ही दोघंही समोर बघत बसलो.

जाळीदार विटांचे तीन हौद बांधून झाले. हे बांधकाम विष्णूने केलं. विष्णू आमचा माळी, उत्तर प्रदेशातल्या बांद्याकडचा, साठीचा, जन्मभर शेणखतात वाढलेला. खत कसं करायचं हे त्याला माहीत असणार, हे उघड होतं. पण उपसमितीत त्याचं मत मागवण्याची तरतूद नव्हती. मी पुस्तक आणलं, रजिस्टर घातलं, आवक-जावकचे रकाने पाडले आणि परिपत्रक क्रमांक एक काढलं: ओला कचरा म्हणजे काय.

त्यानंतर जे हौदात आलं त्याचा तपशील रजिस्टरात आहे. बाळाची लंगोटं आली, घड्याळाचे सेल आले, कुकरचं रबर आलं, ज्ञानेश्वरीच्या पारायणात उरलेले प्लास्टिकचे द्रोण आले. मी परिपत्रक क्रमांक दोन काढून संबंधितांकडून खुलासा मागवला. दुसऱ्या दिवशी हौदाच्या कठड्यावर एक नारळ ठेवलेला होता. त्याला चिठ्ठी होती: 'ओला की सुका? कृपया खुलासा व्हावा.' अक्षर ओळखीचं होतं, पण मी चौकशी केली नाही. नारळ अलकाने घरी घ्यायला लावला.

मग गणपती आले. आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो आणि दिल्लीभरातले मराठी लोक आरतीला येतात. दहा दिवसांचं निर्माल्य, केळीची पानं, फुटलेले मोदक, पंचामृताचे उरलेसुरले घडे, सगळं श्रद्धेने माझ्या हौदात आलं. सार्वजनिक श्रद्धेला मी 'नको' कसं म्हणणार? वर पाऊस. सहाव्या दिवशी हौदांतून काळं पाणी वाहू लागलं. सातव्या दिवशी वास तिसऱ्या मजल्यावर पोचला. आठव्या दिवशी आरती नाकाला रुमाल लावून झाली आणि त्यामुळे 'घालीन लोटांगण' नेहमीपेक्षा फार लवकर आटपलं. निगमकडे एक निनावी तक्रारही गेली. अलका त्या दिवसांतही बाकावर जाऊन बसायची. पदर नाकाला लावून, ताठ. तिला तिथे तशी बसलेली पाहून मला रडू यायचं. वास माझ्यामुळे होता आणि ती माझ्यावरच्या विश्वासाने त्यात बसली होती.

शेवटी मी विष्णूला विचारलं. तो म्हणाला, "साहब, सूखा कहाँ है? एक टोकरी गीला, तो दो टोकरी सूखा। आप तो गीला ही गीला डाले जा रहे हो।"

"तो पहले क्यों नहीं बताया?"

"आपने पूछा कहाँ?" तो म्हणाला. "अब पत्ता तो फागुन में गिरेगा।"

फाल्गुन मार्चात येतो आणि आमची मुदत डिसेंबरची. वर्तमानपत्रं कोणी देईना; रद्दीवाल्याशी प्रत्येक घराचे जुने संबंध होते. मी दोन रात्री झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मला जिन्याखालचं कपाट आठवलं.

जिन्याखालच्या कपाटात संस्थेच्या स्थापनेपासूनच्या फायली होत्या. चौतीस वर्षांच्या. कोणी कधी उघडल्या नव्हत्या आणि कोपऱ्यांत वाळवी लागली होती. आता, मी ज्या सेक्शनमधून निवृत्त झालो तो अभिलेखांचा. जुन्या फायलींची छाननी करून ए, बी, सी असे वर्ग पाडायचे, ए आणि बी कायम ठेवायचे, सी मुदत संपल्यावर नष्ट करायचे, हे काम माझ्याइतकं शुद्ध मंत्रालयात कोणी करत नसे. फाईल आतून वाचत बसायची नाही, हा त्यातला पहिला धडा. वाचत बसलं तर जन्म पुरत नाही. कव्हरवरचा विषय पाहायचा, शेवटची नोंद किती जुनी ते पाहायचं, गेल्या दहा वर्षांत कोणी मागवली का ते पाहायचं, आणि वर्ग द्यायचा. हा धडा मी शेकडो मुलांना दिला आहे. मी रीतसर प्रस्ताव ठेवला. राजाभाऊंनी न वाचता सही केली.

ते तीन आठवडे निवृत्तीनंतरचे माझे सगळ्यांत सुखाचे दिवस होते, हे लपवत नाही. बैठकीच्या खोलीत फायलींचे ढीग, नाकात जुन्या कागदाचा वास, हातात लाल पेन्सिल. नष्ट करायच्या फायलींची मी यादी केली, अनुक्रमांक एक ते एकशे सात. पिना आणि टॅग काढून ठेवले. कागद फाडायचं काम मी करणार होतो, पण लतिकाबाई एकदा रक्तदाब बघायला खाली आल्या आणि अलकाकडे बघून म्हणाल्या, "हिला द्या. उजव्या हाताने फाडायला लावा. याच्याहून चांगला व्यायाम कुठल्या थेरपीवाल्याकडे नाही."

अलकाने फाडायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तीन कागद. आठवड्याने तीस. मी रोजचा कोटा ठरवून दिला आणि तो भिंतीवर लावला. तिच्या बोटांत जोर यायला लागला. एक दिवस तिने उजव्या हाताने चहाचा कप धरला. मी लतिकाबाईंना बोलावून आणलं आणि आम्ही तिघंजण त्या कपाकडे बघत राहिलो. लतिकाबाई म्हणाल्या, "प्रभूची कृपा." मी म्हटलं, "आणि रेकॉर्ड मॅन्युअलची."

कागदांनी हौदांतलं पाणी शोषलं. विष्णू दर आठवड्याला ढीग वरखाली करायचा आणि मी ते रजिस्टरात नोंदवायचो. वास गेला. दसऱ्याला ढिगातून वाफ यायला लागली, दिवाळीनंतर वाफ थांबली आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विष्णूने मूठभर काळी, भुसभुशीत माती माझ्या तळहातावर ठेवली. "लो साहब। बन गया।" मी ती अलकाच्या नाकाशी नेली. तिने डोळे मिटून वास घेतला. मग म्हणाली, "माहेर." योग्य शब्द आला की चुकून आला, मी विचारलं नाही.

निगमचा इन्स्पेक्टर पाहणीला आला. निनावी तक्रारीची फाईल त्याला बंद करायची होती. खत पाहून तो खूश झाला. राजाभाऊ त्याला म्हणाले की खत तर छान झालं, पण हौद तीनच आहेत, बाकीच्या जागेवर फरशी घातली तर चालेल ना? म्हणजे शब्द पाळायचा आणि गाड्याही लावायच्या. इन्स्पेक्टर म्हणाला, "देखिए जी, नक्शे में ये जगह क्या है? मंज़ूर नक्शे में ग्रीन है, तो एक टाइल भी नहीं लग सकती। मुझे कॉपी दिखा दीजिए, मैं यहीं लिख देता हूँ। फिर सौ साल कोई हाथ नहीं लगाएगा।"

माझं मन इतकं हलकं झालं की मी त्याला घरी नेऊन चकल्या खायला घातल्या. मंजूर नकाशा संस्थेकडे असतोच. राजाभाऊंनीही हात टेकले. "चलो, दाखवा नकाशा, विषयच संपला," ते म्हणाले. मी ठेवलेल्या फायलींचा गठ्ठा काढला. ए वर्ग पाहिला. बी वर्ग पाहिला. दोनदा पाहिला. मग मी माझी स्वतःची यादी उघडली.

अनुक्रमांक एक्केचाळीस. विषय: 'किरकोळ पत्रव्यवहार, बांधकामपूर्व.' शेवटची नोंद तेहतीस वर्षांपूर्वीची. वर्ग: सी. शेरा: नष्ट. खाली माझी सही, ठसठशीत. कोण्या जुन्या सेक्रेटरीने मंजुरीची पत्रं आणि नकाशा त्या किरकोळ पत्रव्यवहारात लावून ठेवले होते. मी कव्हर वाचलं होतं. आतलं वाचत बसायचं नसतं.

खुर्चीवर बसलो आणि तेव्हा मला ऑक्टोबरातली ती दुपार आठवली. अलकाच्या हातात एक मोठा, घड्या पडलेला निळा कागद होता. ती फाडत नव्हती. "नको," म्हणत होती. "गुरुवार... नको... बाक. बाक." मला वाटलं, कंटाळली, बाकावर जायचंय. मी भिंतीवरच्या कोट्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "आधी आजचे चाळीस पुरे कर, मग बाक." मग तिने तो फाडला. एकेक घडी सोडवून, माझं ऐकून. तिला शब्द सापडला होता आणि मला तो कळला नव्हता.

ज्या कार्यालयात नकाशे मंजूर होतात तिथे मी प्रत मागायला गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला एका सभ्य बाईंनी मला त्यांची नष्ट केलेल्या फायलींची यादी दाखवली. आमची फाईल त्यात होती. वर्ग सी, मुदत संपली, नष्ट. यादी इतकी स्वच्छ केलेली होती की मला दोष काढता येईना. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. मी त्यांचे आभार मानून मेट्रोने घरी आलो.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सभा झाली. बाहेर धुकं होतं, आत चहा आणि रेवड्या. अण्णासाहेब मफलर गुंडाळून अध्यक्षस्थानी. राजाभाऊंनी विचारलं, "टेंबेसाहेब, नकाशाची काय पोझिशन आहे?"

मी उभा राहिलो. रात्रभर मी उत्तर तयार केलं होतं. म्हणालो, "सदर फाईल उपलब्ध नाही."

हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा लिहिलं असेल. त्यात कोणी काही केलेलं नसतं. फाईल आपली आपणच उपलब्ध नसते. राजाभाऊंनी माझ्या प्रस्तावावर सही केलेली होती, त्यामुळे तेही खाली बघत होते. "वाळवीने खाल्लं असेल," मागून कोणीतरी म्हणालं, आणि मी ते नाकारलं नाही.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. हॉल आमच्या दारापासून बासष्टहून बऱ्याच जास्त पावलांवर आहे. अलका एकटी आली होती. लतिकाबाई धावल्या, तिने त्यांना हाताने थांबवलं. भिंतीला टेकून उभी राहिली.

"होता," ती म्हणाली. "हिरवा... कोपरा होता. मी पाहिला." मग बराच वेळ गेला. तिच्या कपाळावर घाम आला होता, जानेवारीत. "मी फाडला."

दोन वर्षांत ती इतकं लांब बोलली नव्हती. आणि बोलली तर असं. मी तिच्यापासून चार खुर्च्यांच्या अंतरावर उभा होतो. 'तिने नाही, मी' असं म्हणायला तीन शब्द लागले असते, आणि माझे शब्द तर कुठे रांग मोडत नाहीत. पण यादी, वर्ग, माझी ती ठसठशीत सही, छत्तीस वर्षांचं नाव... मी खाली बसलो. मला त्या बसण्याची लाज वाटते आणि मरेपर्यंत वाटेल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघी-तिघींनी डोळे पुसले. "वहिनी, तुम्ही किती प्रामाणिक," राजाभाऊ अगदी मनापासून म्हणाले. मग मतदान झालं. हौद सोडून बाकीच्या जागेवर फरशी घालण्याच्या बाजूने एकोणचाळीस, विरुद्ध अकरा. मार्चआधी काम पूर्ण करायचं ठरलं. झालेलं खत घरटी दोन किलो वाटण्यात आलं आणि ते उत्तम असल्याबद्दल उपसमितीचं अभिनंदन करण्यात आलं.

सभेचं इतिवृत्त लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. "तुमच्या ड्राफ्टिंगला तोड नाही," राजाभाऊ दरवेळी म्हणतात. इतिवृत्ताचा नियम असा की सभेत जे बोललं गेलं तेच लिहायचं. बोललं न गेलेलं लिहायचं नाही, मग ते कितीही खरं असो. पहिले तीन विषय मी त्याच दिवशी लिहिले. विषय चारवर आलो: 'श्रीमती अलका टेंबे यांनी सभेस सांगितले की सदर नकाशा त्यांनी...' पुढचं क्रियापद लिहवेना. इतिवृत्तं ए वर्गात जातात. ती कधीच नष्ट होत नाहीत. शंभर वर्षांनी कोणी कपाट उघडलं तर माझ्या सुवाच्य अक्षरात त्याला तेवढंच सापडणार. मी पेनाचं टोपण लावलं.

सरकारात माझ्या टेबलावर कुठलीही फाईल तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली नाही. हे मी अनेकांना सांगत आलो आहे. इतिवृत्ताला तीन दिवस झाले, दहा झाले. राजाभाऊंचा फोन आला, "टेंबेसाहेब, मिनिट्स?" मी म्हटलं, "मसुदा चालू आहे." ते म्हणाले, "लवकर द्या यार, फरशीवाला सहीचा ठराव मागतोय. ठरावाशिवाय तो पोती उतरवायला तयार नाही."

फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं: इतिवृत्त नाही, तर फरशीही नाही.

जानेवारीच्या शेवटी अलकाचा दुसरा स्कॅन झाला. ती कपडे बदलत असताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्यांबद्दल बरंच काही सांगितलं. मी शेवटी त्यांना तिच्या हाती उरलेला काळ विचारला. नोटिंगमध्ये आम्ही तो नेहमी विचारायचो. त्यांनी काळ सांगितला, आणि तो मी वर्षाच्या आत समजावा असं म्हणाले. अलका येताना सबंध वाटभर मेट्रोची स्टेशनं मोजत होती.

आता फेब्रुवारी लागला आहे. दुपारी ऊन असतं. राजाभाऊ काल स्वतः आले. मी बाकावर होतो, शेजारी अलका, शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वर खुळखुळत होत्या. ते थोडा वेळ उभे राहिले. वहिनींना नमस्कार केला. मग जरा घुटमळून म्हणाले, "ते इतिवृत्ताचं... नक्की किती वेळ लागेल? मला कमिटीला काहीतरी सांगायला पाहिजे."

अलकाने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळतं. फक्त सांगता येत नाही.

"शब्द नीट सापडत नाहीयेत," मी म्हटलं. "अजून वर्षभर तरी लागेल."

राजाभाऊंनी अलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बरं म्हणून निघून गेले. मी तिचा हात हातात घेतला आणि मनात म्हटलं, जास्त लागू दे.